स्वल्पविराम वाचणारे काका

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या सोसायटीच्या चेअरमन आदरणीय अनसूयाताई सावे, आपला रविवार बाजूला ठेवून इथपर्यंत आलेले प्रमुख पाहुणे, रुचिताताईचे कॉलेजमधले सर, प्राध्यापक भूपेश मेहेर सर, व्यासपीठावर अगदी टोकाच्या खुर्चीवर बसलेले, मधे या म्हटलं तरी न आलेले रुचिताताईचे बाबा, आमचे काशीनाथकाका आंबेरकर, आजची सत्कारमूर्ती रुचिताताई, ए विंग, बी विंग आणि मोरव्याहून खास आलेले सगळे काका, काकू, मावश्या, भाभी, माझे मित्र, आणि समोसे कधी मिळणार एवढीच काळजी असलेली पुढच्या सतरंजीवरची मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

समोसे आलेत. माझं बोलून झाल्यावर मिळतील. म्हणजे आता तुम्ही माझ्या ताब्यात आहात.

मी साईराज, बी विंग, तिसरा मजला. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं. त्यामुळे भावना शुद्ध आहेत, भाषेची गॅरंटी नाही. अनसूयाताईंनी मला विषय दिला, 'डिजिटल साधनं आणि आपलं शिक्षण'. मी एवढा खूश झालो, की लगेच प्रेझेंटेशन बनवायला बसलो. बाण, रंग, फिरणारी चक्रं, सगळं टाकलं. प्रोजेक्टरपण मागून आणला. सकाळी इथे तो लावत होतो, तर रुचिताताई दारात उभी. म्हणाली, "काय खटपट चाललीये?" म्हटलं, "ताई, तुझ्या सत्काराला स्लाइड्स दाखवतोय." ती म्हणाली, "वा! छान. कुठे छान आलंय ते सांग, म्हणजे तिथे टाळ्या वाजवते."

तर प्रोजेक्टर तिकडे कोपऱ्यात आहे. त्याच्यावर हार ठेवलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुचिताताईला लहानपणापासून दिसत नाही. आणि उद्या ती सावंतवाडीला निघतेय, तिथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला. प्राध्यापक रुचिता आंबेरकर! आपल्या बिल्डिंगमध्ये डॉक्टर आहेत, सीए आहेत, पण प्राध्यापक ही पहिलीच. आता वाजवा टाळ्या, इथे खरंच छान आलंय.

आनंदाचा दिवस आहे. पण मला आज जरा गंभीर बोलायचंय. कारण ही नोकरी ताई घेणारच नव्हती. तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि त्याचं कारण इथे टोकाच्या खुर्चीवर बसलंय. काका, रागावू नका. तुमची परवानगी घेतलीये मी, ताईचीपण घेतलीये.

सुरुवातीपासून सांगतो.

ताई एमएनंतर प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षेला बसायचं म्हणाली, तेव्हा अडचण अभ्यासाची नव्हतीच, पुस्तकांची होती. फोन वाचून दाखवतो ना, मग काय प्रॉब्लेम, असं मलापण वाटायचं. इंग्लिश पुस्तकं तो धडाधड वाचतो. पण मराठीतली अर्थशास्त्राची जुनी पुस्तकं, पिवळी पानं, बारीक टाइप. ती स्कॅन केली, तर फोन असं काही वाचायचा की ताई म्हणाली, "साई, हे अर्थशास्त्र आहे की कोणाला झटका आलाय?"

मग तिनेच उपाय काढला. मी फक्त ग्रुप बनवला. व्हॉट्सअ‍ॅपवर, नाव 'रुचिताचं पुस्तक'. ज्याला मराठी वाचता येतं त्याने एक प्रकरण घ्यायचं, आपल्या घरी बसून फोनवर वाचायचं, रेकॉर्डिंग टाकायचं. मी ती ड्राइव्हमध्ये लावून ठेवायचो. हे सगळं नेटवर्क, हे टूल्स, मला जाम एक्साइटिंग वाटत होतं. मी पहिल्या दिवशी ग्रुपवर एक भावनिक मेसेज टाकला, 'चला, एका डोळस कार्यासाठी एकत्र येऊ' वगैरे. दुसऱ्या मिनिटाला ताईचा व्हॉइस मेसेज आला. "साई, कार्य वगैरे राहू दे. फाइलला नाव नीट दे. 'न्यू रेकॉर्डिंग' नावाच्या फाइली मी शोधणार कशा?"

हसू नका. शिकायचं कसं, हे मी त्या एका वाक्यातून शिकलो.

वाचणारे कोण कोण होते? अनसूयाताई स्वतः. माझी आई. मी. माझ्या वाचनात एक गडबड होती, ती म्हणजे मराठी आकडे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात मी अजूनही थांबून बोटं मोजतो. इंग्लिश मीडियमवाल्यांनो, माना हलवू नका, तुम्हालापण येत नाहीत. शेवटी काशीनाथकाकांनी मला सांगितलं, "आकडा सुटा वाच. पाच, नऊ. आम्ही प्रेसमध्ये तसंच वाचायचो. मग चूक व्हायला जागाच नाही."

आणि आमच्या हेमालीबेन! कुठे आहेत? बघा, तोंडावर पदर घेतला. हेमालीबेन गुजराती मीडियमच्या, पण इतकी वर्षं भाईंदर वेस्टला राहून मराठी फाडफाड वाचतात. आम्ही सगळे काय करत होतो, तर 'सोबतच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं आलं की ते वाक्य वाचून पुढे जायचो. आकृतीत वाचण्यासारखं काय असतं? हेमालीबेन मात्र थांबायच्या. त्यांची ती फाइल मी अजून जपून ठेवलीये. "रुचिता बेटा, इथे चित्र आहे हां. एक लाइन वरून खाली येते, आपल्या बी विंगच्या जिन्यासारखी, वाकडी. अने दुसरी लाइन खालून वर जाते. दोघी मधे भेटतात. तिकडे ई लिहिलंय. ई म्हणजे काय ते मला नाय माहीत, तू बघून घे. अरे, बघून काय घे! सॉरी बेटा. तू समजून घे."

ताई त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "हेमालीबेन, तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करता, तो खाली येतो, तुम्ही थोड्या वर जाता, आणि मग पिशवी उघडता ना? तो ई, म्हणजे समतोल." हेमालीबेन म्हणाल्या, "तो शुं, मी रोज इकॉनॉमिक्स करते?" त्या दिवसापासून सगळ्या आकृत्या त्यांच्याकडे.

बिल्डिंगच्या बाहेरपण ताईची माणसं होती. जळगावचा एक मुलगा, लातूरच्या एक बाई, दोघांनाही दिसत नाही, दोघांना ती कधी भेटलेली नाही. त्यांनी तिला फोनवरून शिकवलं की दुप्पट वेगात कसं ऐकायचं, मधेच खूण कशी ठेवायची. आणि ताई त्यांना अर्थशास्त्र शिकवायची. मोरव्याहून माझी आजी इंदुबाई आमच्याकडे यायची, तेव्हा ताई बघावं तेव्हा फोन कानाला लावून बसलेली. आजी म्हणायची, "गो पोरी, दिसभर ऐकतंच हाय तू. कान दुखत न्हाय का तुजे?" ताई म्हणायची, "आजी, तुझे डोळे दुखतात का दिवसभर बघून?" आजी म्हणायची, "दुखतान ना!"

पण सगळ्यात जास्त प्रकरणं वाचली ती काशीनाथकाकांनी.

काकांची नोकरी काय होती, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. मलाही नव्हतं. काका गिरगावात एका छापखान्यात कॉपीहोल्डर होते. म्हणजे काय, तर पूर्वी पुस्तक छापण्याआधी दोन माणसं समोरासमोर बसायची. एक जण लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्या कच्च्या कागदावर चूक शोधणार. काका मोठ्याने वाचणारे. आणि हे वाचणं साधं नव्हतं. नुसते शब्द नाही, चिन्हंसुद्धा वाचायची. 'मागणी वाढली स्वल्पविराम पण पुरवठा वाढला नाही पूर्णविराम नवा परिच्छेद.' आणि अजून एक शिस्त होती, ती लक्षात ठेवा, पुढे लागणारे. आवाजात भाव आणायचा नाही. वाचणारा रंगात आला, तर समोरचा अर्थात गुंततो आणि चूक सुटते. म्हणून सगळं सपाट वाचायचं. प्रेमकथा असो नाहीतर पंचांग.

तर काका आपल्या लेकीसाठी अर्थशास्त्र असंच वाचायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. आम्ही त्यांना म्हटलं, "काका, चिन्हं नका वाचू, वेळ जातो." काका म्हणाले, "लेखकाने घातलीत ना? मग ती तिच्यापर्यंत गेली पाहिजेत. मी कोण गाळणारा?"

ती रेकॉर्डिंग्ज मी ड्राइव्हमध्ये लावायचो, त्यामुळे क्रमाने ऐकायचो. एका प्रकरणानंतर बदल झाला. स्वल्पविराम हा शब्द गेला. त्या जागी एक आवाज यायला लागला. ठक. पेन्सिल टेबलावर आपटल्याचा. स्वल्पविरामाला एक ठक. पूर्णविरामाला दोन. नवा परिच्छेद आला की तीन.

ताई ओरडली, "बाबा, काय ठोकताय मधेमधे?" काका म्हणाले, "घसा बसलाय गं. प्रेसमध्ये घसा बसला की आम्ही असंच करायचो. शब्द तोंडाने, चिन्हं पेन्सिलीने." ताईला सवय व्हायला वेळ नाही लागला. दुप्पट वेगात ते तबल्यासारखं वाजायचं.

घसा बसलेला नव्हता. घशात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल.

काकांच्या घरात दोघंच राहतात, हे तुम्हाला माहीत आहे. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीला दिसत नाही, आणि आता बापाला बोलता येणार नाही. तेव्हा सगळी बिल्डिंग त्या घरात येऊन बसली होती. हेमालीबेन रडत रडत म्हणाल्या, "काशीनाथभाई, ऑपरेशनच्या आधी काहीतरी गोड बोलून ठेवा ना फोनमधे. रुचिताच्या लग्नासाठी आशीर्वाद, बड्डेला काहीतरी. साईराज भरून घेईल." मीपण लगेच म्हटलं, हो, चांगला माइक आणतो.

काका म्हणाले, "दोन प्रकरणं राहिलीत."

"अहो, पण आवाज..."

"म्हणूनच."

आणि ते वाचायला बसले. ताई त्या दिवशी खूप चिडली होती. ती चिडली की शांत बोलते, जास्त भीती वाटते. म्हणाली, "बाबा, सार्वजनिक आयव्ययावर आवाज संपवताय? माझ्याशी बोला." काका म्हणाले, "बोलतोच आहे. परीक्षेत आशीर्वाद विचारत नाहीत."

ती दोन प्रकरणं पूर्ण झाली. शब्द कमी कमी ऐकू येतात त्याच्यात, पण पेन्सिल एकदम स्वच्छ आहे. एकही चिन्ह सुटलेलं नाही.

ऑपरेशन झालं. काका बरे आहेत, इथे बसलेत, गळ्यावरचा तो रुमाल सोडला तर आपल्या सगळ्यांपेक्षा फिट आहेत. ताई परीक्षा पास झाली. सावंतवाडीला मुलाखत झाली. तिथे काय झालं माहितीये? पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिने दिलं आणि शेवटी टेबलावर बोट आपटलं, ठक ठक. समितीतले सर म्हणाले, "हे काय?" ताई म्हणाली, "पूर्णविराम, सर. माझं उत्तर संपलं." ते म्हणाले, "बाई, हे आमच्या स्टाफ मीटिंगला शिकवा. तिथे कोणाचंच उत्तर संपत नाही."

नोकरी मिळाली. पत्र आलं. आणि ताई म्हणाली, मी जाणार नाही.

आम्ही सगळे तिला समजवायला गेलो. अनसूयाताई म्हणाल्या, "काकांच्या जेवणाखाण्याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." हेमालीबेन म्हणाल्या, "सकाळचा चाय माझ्याकडे." मी म्हटलं, "ताई, रोज व्हिडिओ कॉल..." आणि बोलता बोलता थांबलो.

ताई म्हणाली, "मी रोज फोन करीन रे. मी बोलेन, मला बोलायला लागतंय काय? पण मी बोलतेय ते ऐकायला पलीकडे बाबा आहेत की नाहीत, हे मला कोण सांगणार? इथे ते माझ्या हातावर हात ठेवतात, मला कळतं. तिकडे काय? तुम्हाला माणूस दिसतो. मला माणूस ऐकू येतो. आणि माझे बाबा आता ऐकू येत नाहीत."

 गळ्याला लावून बोलायचं एक मशीन असतं, ते काकांनी वापरून बघितलं, घरघर आवाज येतो, त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग मी म्हटलं, टायपिंग. काकांनी टाइप करायचं, ताईचा फोन तिला वाचून दाखवेल. सोपं आहे की नाही?

काका तयार झाले. सत्तरीला आलेला माणूस मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकायला लागला, आणि शिकवायला अख्खी बिल्डिंग. एक जण म्हणतो इंग्लिश अक्षरांत टाइप करा, एक म्हणते देवनागरी कीबोर्डच घ्या, माझी आई म्हणते बोटाने स्क्रीनवर लिहा. काका सगळ्यांचं ऐकायचे आणि घरी जाऊन यूट्यूबवर बघून आपलं आपण शिकायचे. बोटं बसली, पण दोन अडचणी आल्या. एक, त्यांना चूक चालत नाही. ताई विचारायची, "बाबा, दूध आणू का?" काका उत्तर लिहायचे, तपासायचे, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, पूर्णविराम टाकायचे. तोपर्यंत ताई दूध घेऊन आलेली असायची. दुसरी अडचण, तो फोन पुढचा शब्द सुचवतो ना, त्याचा त्यांना भयंकर राग. मला त्यांनी लिहून दाखवलं, 'हा मला शब्द सुचवतो. आमच्याकडे वाचताना स्वतःचा शब्द घालणाऱ्याला काढून टाकत.'

आणि ताईचं म्हणणं वेगळंच. फोन ते वाचून दाखवायचा तो एका तरुण बाईच्या आवाजात. ताई म्हणाली, "बाबांच्या जागी ही कोण बाई बोलतेय? आई असती तर घरात केवढं रामायण झालं असतं!"

मग मला जी आयडिया आली, ती मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी आयडिया वाटली होती. आता एआय आहे. माणसाच्या आवाजाचे नमुने दिले की त्याच आवाजात नवीन वाक्य तयार होतं. आणि आपल्याकडे काय होतं? काकांच्या आवाजात अर्थशास्त्राचं अर्धं पुस्तक! दोघांना विचारलं. ताई म्हणाली, बाबा म्हणतील तसं. काकांनी मान हलवली, करून बघ. मी खपून ते बनवलं. काकांनी त्यांच्या फोनवर टाइप करायचं, ताईच्या फोनवर काकांचा आवाज. टेस्टिंगला सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमलो. काकांनी टाइप केलं, पाठवलं.

फोनमधून काकांचा आवाज आला. "रुचू, जेवलीस का?"

अगदी तोच आवाज. ऑपरेशनच्या आधीचा. हेमालीबेननी तोंडावर हात ठेवला.  आम्ही सगळे ताईकडे बघतोय.

ताई म्हणाली, "हे वाक्य कुठल्या प्रकरणात आहे?"

कोणालाच कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी टाइप केलं, आणि यावेळी एकही चूक तपासली नाही, थेट मला दाखवलं. मी वाचून दाखवलं, तेच तुम्हाला सांगतो. 'ती बरोबर बोलते. हा माझा नोकरीचा आवाज. यात भाव घालायची बंदी होती. घरचा आवाज कोणी भरून ठेवला नाही.'

 एवढं पुस्तक आमच्याकडे होतं, आणि एक साधं 'जेवलीस का' नव्हतं. कोणाची चूक होती असं नाही. पण कोण रेकॉर्ड करतं हो, जेवलीस का?

ताई टेबलावर डोकं टेकून बसली होती. काकांनी खिशातली पेन्सिल काढली. अजूनही खिशात असते त्यांच्या, आत्तापण असेल. आणि तिच्या कानाजवळ टेबलावर वाजवलं. ठक.

ताईने डोकं उचललं. "काय?"

ठक.

"स्वल्पविराम?"

ठक.

ज्याने महिनोन्महिने ती रेकॉर्डिंग्ज ऐकलीत, त्याला हे कळेल. स्वल्पविराम म्हणजे अजून संपलेलं नाही. पुढे आहे. ताई म्हणाली, "म्हणजे मी बोलू? पुढे बोलू?" ठक. मग ती बोलायला लागली. आम्ही सगळे हळूच बाहेर आलो. दाराबाहेर चपला घालताना फक्त तिचा आवाज, आणि मधे मधे ती पेन्सिल. ती काही बडबडली की दोन ठक, म्हणजे पुरे. विषय बदलायचा असेल तर तीन, नवा परिच्छेद. मी बनवलेल्या त्या सगळ्या सिस्टीममध्ये एवढा जीव नव्हता.

पण हे फोनवर चालेल का? ते बघायचं होतं. म्हणून आम्ही काकांना मोरव्याला माझ्या आजीच्या घरी नेऊन बसवलं. ताई इथे, तिच्या खोलीत. फोन लागला. तिथे काय झालं ते आजीने मला सांगितलं, इथे काय झालं ते आम्ही ऐकलं. ताई बोलली. गॅस कोण बघणार. रात्री खोकला आला तर. ठक. आईचा विषय निघाला. ठक. मग ती रडायला लागली, शब्दच येईनात, आणि आम्हाला वाटलं आता लाइन तुटली. ती म्हणाली, "बाबा?" ठक. लगेच.

मग तिने विचारलं, "बाबा, जाऊ का मी?"

काहीच आलं नाही.

एक नाही, दोन नाही.  शेवटी माझ्या आजीने फोन घेतला. "गो, त्याची पेन्सिल खाली पडली. शोधतंय. थांब जराशी." आणि मग हळू आवाजात, पण आजीचा हळू आवाज म्हणजे चौकापर्यंत, "डोलं पुसतंय गो. तू फोन नको ठेवू."

ताईने फोन ठेवला नाही. उत्तर आलं नाही, तरी ती तशीच कानाला लावून बसली. पलीकडे आजीच्या कोंबड्या ऐकू येत होत्या, काकांचा श्वास ऐकू येत होता. मग ती मला म्हणाली, "साई, ते पलीकडे आहेत. मला ऐकू आले." आणि कॉलेजला होकाराचं ईमेल तिने त्याच संध्याकाळी, स्वतः, पाठवलं.

मला विषय दिला होता डिजिटल साधनं आणि शिक्षण. मी अजूनही त्या साधनांचा फॅन आहे, उद्यापण असणार. फोन नसता तर जळगाव नसतं, लातूर नसतं, हेमालीबेनचा जिना नसता. ताई आज इथे नसती. पण माझ्या वयाच्या मित्रांना एक सांगतो. आपण अ‍ॅप शोधतो, कोर्स शोधतो, ग्रुप जॉइन करतो, आणि समजतो झालं आपलं नेटवर्क. ताईने वेगळं काय केलं? तिने प्रत्येक माणसाकडून तेच घेतलं जे त्याच्याकडेच होतं. हेमालीबेनकडून आकृत्या, काकांकडून चिन्हं. आणि माझ्याकडून? फाइलची नावं. चालेल, मला तेवढंपण खूप आहे. आणि घेताना ती कधी बिचारी झाली नाही. प्रत्येकाला काहीतरी शिकवूनच घेतलं तिने.

काका, तुमच्याबद्दल मी काय बोलू? आवाज जाणार हे कळल्यावर माणूस काय बोलून घेईल? तुम्ही लेकीचा अभ्यास पूर्ण केलात. मी खूप विचार केला यावर. मला अजून नीट कळलेलं नाही. कळेल तेव्हा बहुतेक मी कोणाचा तरी बाबा असेन.

आता आभार. 'रुचिताचं पुस्तक'मधल्या प्रत्येक वाचणाऱ्याचे, ज्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याच्या आरोळ्या अर्थशास्त्रात कायमच्या बसल्यात त्यांचेही. मेहेर सरांचे, ज्यांनी शंकांना रविवारीसुद्धा व्हॉइस मेसेजने उत्तरं दिली. जळगावच्या आणि लातूरच्या मित्रांचे, जे आत्ता फोनवरून हे ऐकतायत. ज्या घरांनी काकांचा चहा, जेवण आणि संध्याकाळची चक्कर आपसात वाटून घेतलीये त्यांचे. आणि अनसूयाताईंचे, त्यांनी मला दहा मिनिटं दिली होती आणि मी ती कधीच खाल्लीत, तरी त्यांनी घंटा वाजवली नाही.

माझ्या बोलण्यात आकडे चुकले असतील, शब्द चुकले असतील, कोणाचं नाव राहिलं असेल, एखादी गोष्ट बोलायला नको होती ती बोललो असेन. इथे एक छापखान्यातला माणूस बसलाय, त्यांनी सगळ्या चुका पकडल्याच असतील. त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिल्या, तर तुम्हीपण द्या.

बसायच्या आधी एक काम राहिलंय. मोरव्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. ताई उद्या जातेय ती उत्तराशिवाय. आम्ही कोणी काकांना परत विचारलं नाही. ताई म्हणाली, एकदा विचारीन, सगळ्यांसमोर, म्हणजे पेन्सिल पडली तर उचलून द्यायला माणसं असतील.

हेमालीबेन, माइक जरा काकांच्या पुढे, टेबलावर आडवा ठेवा. हां. ताई, तू बोल.

मागे ऐकू आलं नसेल तर सांगतो, तिने विचारलंय, बाबा, जाऊ का मी?

काका, सावकाश. पंखा बंद करा रे कोणीतरी. मुलांनो, शू.

एक.

दोन.

थांबा, टाळ्या नको, थांबा.

तीन.